अंगवळणी

(द्वितीय वर्ष कला)

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा विचारले, "तुमच्यापैकी किती जणांना आत्ता, या क्षणी, आपल्या अंगावरचे कपडे जाणवत आहेत?" प्रश्न ऐकताच साऱ्या वर्गाला आपापले कपडे जाणवू लागले आणि हशा पिकला. सर म्हणाले, "मी विचारण्यापूर्वी जाणवत नव्हते ना? यालाच वेदनिक अनुकूलन म्हणतात. एकच स्पर्श सतत होत राहिला की तो जाणवेनासा होतो. आणखी कोणी उदाहरण देईल?"

कोणी हातातले घड्याळ सांगितले, कोणी नाकावरचा चष्मा, कोणी आजीच्या पायातली जोडवी. मी सहसा वर्गात तोंड उघडत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आपण काही बोललो तर ते चुकीचेच असणार, असे मला वाटत असते. पण त्या दिवशी मी उठले आणि म्हणाले, "सर, माझी आई विड्या वळते. दिवसभर पाने हाताळून तिच्या बोटांना आता काही जाणवत नाही. तिला सवय झाली आहे."

सर "छान" म्हणाले. मी खाली बसले. माझी आई काय करते हे दोन वर्षांत प्रथमच मी चारचौघांत सांगितले होते आणि त्याचे मला थोडे समाधानही वाटले. पण रात्री वसतिगृहात अंथरुणावर पडले तेव्हा तेच वाक्य टोचू लागले. "तिला सवय झाली आहे." हे मला कोणी सांगितले? आईने तर कधीच नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले. आई नेहमीप्रमाणे मांडीवर सूप घेऊन दाराशी बसली होती. मी जवळ बसले आणि विचारले, "आई, तुला आता बोटांना काही जाणवत नाही ना गं?"

तिचे हात थांबले नाहीत. "दुखतं की," ती म्हणाली. "रोज काय सांगायचं?"

मित्रमैत्रिणींनो, हा लेख मी त्या उत्तरामुळे लिहीत आहे. आपण "सवय" हा एकच शब्द किती सहज वापरतो! पण त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी झाकलेल्या असतात: कातडीची सवय, मेंदूची सवय आणि जिभेची सवय. पहिल्या दोन शास्त्राच्या आहेत. तिसरीचा शास्त्राशी काही संबंध नाही. तरीही आपण तिसरी पाहतो आणि पहिल्या दोन झाल्या असे समजून मोकळे होतो. माझे म्हणणे एवढेच आहे. आता ते जरा विस्ताराने सांगते.

प्रथम कातडीची सवय. एकाच जागी घर्षण आणि दाब पडत राहिला की त्वचेचा सर्वांत वरचा थर जाड व टणक होतो. त्यालाच आपण घट्टा म्हणतो. आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा आहे. शेजारच्या सुतारकाकांच्या तळहाताला रंध्याचा आहे, माझ्या मामाच्या खांद्यावर पोत्यांचा आहे. घट्टा पाहून माणसाचा धंदा ओळखावा, अशी स्थिती आहे. घट्टा म्हणजे शरीराने स्वतःसाठी शिवलेले चिलखतच. पण चिलखत बाहेरून असते. आतल्या माणसाचे काय, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी सवय मेंदूची. सरांनी सांगितले ते हेच, आणि त्यात तथ्य आहे. आपल्या त्वचेत स्पर्श टिपणारे निरनिराळे ग्राहक असतात. त्यांतील काही स्पर्श चालू आहे तोवर संदेश पाठवीत राहतात. काही मात्र स्पर्श सुरू होताना आणि संपताना तेवढे बोलतात, मध्ये गप्प. यांतील एक ग्राहक तर कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. दाब पडला की पापुद्रे क्षणभर दबतात, आतल्या मज्जातंतूला धक्का पोचतो. लगेच पापुद्रे सरकून दाब वाटून घेतात आणि आतला तंतू शांत होतो. म्हणून अशा ग्राहकाला बांगडी हातात चढताना कळते, ती हातात आहे हे तो सांगत बसत नाही.

केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि स्वीडनचे इंग्वे झोटरमन यांनी १९२६ मध्ये मज्जातंतूंतून जाणारे हे संदेश विद्युत उपकरणांनी टिपले. प्रत्येक संदेश सारख्याच आकाराचा असतो. स्पर्श जोराचा असेल तर संदेश लवकर लवकर येतात, हलका असेल तर सावकाश. आणि एकच दाब तसाच ठेवला तर संदेशांची गती हळूहळू मंदावत जाते. पुढे १९३२ मध्ये एड्रियन यांना शेरिंग्टन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मुळात दाबाचे विजेत रूपांतर करणारे त्वचेतील दार कोणते, हे मात्र अगदी अलीकडे कळले. त्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. आपण रोज ज्याच्यावर जगतो तो स्पर्श शास्त्रज्ञांना एवढ्या उशिरा उमगला, याची मला गंमत वाटली.

पण सगळे काही त्वचेतच घडत नाही. त्वचेने संदेश पाठविले तरी पुढची यंत्रणा ते मनावर घेईनाशी होते. एरिक कँडेल या शास्त्रज्ञांनी त्यासाठी समुद्रातल्या अॅप्लिसिया नावाच्या गोगलगायीचा अभ्यास केला. तिच्या शरीरावरील नळीसारख्या भागाला हळूच स्पर्श केला की ती घाबरून आपला कल्ला आत ओढून घेते. पुन्हा स्पर्श केला, पुन्हा ओढते. पण तोच निरुपद्रवी स्पर्श दहाबारा वेळा झाला की तिचे ओढणे कमी कमी होत जाते. ती थकते म्हणून नव्हे. कारण दुसरीकडे एखादा जोराचा धक्का दिला की ती पुन्हा पहिल्यासारखी दचकते. एका मज्जापेशीने दुसरीला द्यायचा निरोपच क्षीण झालेला असतो. या संशोधनाच्या वाटेवर स्मृतीचे रहस्य उलगडत गेले आणि कँडेल २००० च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट ती नसती तर जगणे अशक्य झाले असते. अंगावरच्या साडीचा प्रत्येक धागा, वाऱ्याने हललेला प्रत्येक केस क्षणोक्षणी जाणवत राहिला असता, तर पायावर चढलेला विंचू त्या गर्दीत आपल्याला कळलाच नसता. जुने, ओळखीचे, निरुपद्रवी ते बाजूला सारायचे आणि नव्यासाठी जागा ठेवायची, ही मेंदूची काटकसर आहे. मात्र "निरुपद्रवी" हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. मी जी वाचली आणि चकित झाले ती ही. तोच तो स्पर्श पुनःपुन्हा होत राहिला तर मेंदू नेहमी बधिरच होतो असे नाही. कधी कधी तो अधिक तल्लख होतो!

कॅनडातील मॉन्ट्रिअल येथील वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद रुग्णाला जागे ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. प्रत्यक्ष मेंदूला वेदना कळत नाही, म्हणून हे शक्य होते. मेंदूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतप्रवाह लावला की रुग्ण म्हणे, "अंगठ्यात मुंग्या आल्या", "ओठाला काहीतरी लागले". अशा नोंदींवरून १९३७ मध्ये त्यांनी व एडविन बोल्ड्री यांनी मेंदूतील शरीराचा नकाशाच मांडला. या नकाशात पाठ एवढी मोठी असूनही तिला जागा थोडी. बोटांना आणि ओठांना मात्र ऐसपैस. अंगाचा आकार किती, याला तेथे महत्त्व नाही. ते अंग किती बारकाईने जाणते, याला आहे.

पुढे असे दिसून आले की हा नकाशा दगडावरची रेघ नाही. अमेरिकेत मायकेल मर्झेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना एका फिरत्या तबकडीवर बोटांची टोके विशिष्ट दाबाने टेकवायला शिकविले. जमले तर खाऊ मिळे. काही आठवड्यांनी पाहिले तो त्या बोटांच्या टोकांची मेंदूतील जागा वाढलेली होती. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा तारांवर चालणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत इतरांपेक्षा मोठा प्रतिसाद आढळला; आणि ज्यांनी लहानपणी वाद्य हाती धरले त्यांच्यात तो अधिक होता. या वाढीचा नेमका अर्थ काय, मेंदूचा नकाशा खरोखर किती बदलतो, याविषयी तज्ज्ञांत आजही वाद आहेत. पण सरावाने बोटे आणि मेंदू मिळून अधिक जाणू लागतात, याविषयी वाद नाही.

याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ब्रेल लिपी. लुई ब्रेल हा १८०९ साली फ्रान्समधील कुव्रे या गावी घोड्यांचे खोगीर आणि साज बनविणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. बापाच्या दुकानात खेळताना चामड्याला भोके पाडण्याचे हत्यार त्याच्या डोळ्याला लागले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. सहाच टिंबे, पण त्यांच्या त्रेसष्ट निरनिराळ्या रचना होतात. त्यांत सारी अक्षरे, अंक, संगीतसुद्धा बसते. कामगाराच्या पोराने जगाला बोटांनी वाचायला शिकविले, हे वाचून मला फार आपलेसे वाटले.

आपल्या महाविद्यालयात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहेत. त्यांना विनंती करून मी त्यांच्या पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून पाहिले. मला रव्यासारखे काही तरी खरखरीत लागले. त्यापलीकडे काही नाही. त्यांनी तीच ओळ बोट न थांबविता घडाघडा वाचून दाखविली. अल्वारो पास्कुअल-लिओने आणि फर्नांडो टोरेस यांनी १९९३ मध्ये दाखविले की ब्रेल वाचणाऱ्यांच्या वाचत्या बोटाला मेंदूत अधिक जागा मिळालेली असते. १९९६ मध्ये त्याहून नवल कळले. लहानपणी दृष्टी गेलेली माणसे ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूचा जो भाग एरवी पाहण्याचे काम करतो, तोही जागा होतो. डोळ्यांकडून बातमी येईना, तर त्या भागाने बोटांची बातमी घेतली!

मग प्रश्न असा पडतो की एकाच पुनरावृत्तीने कधी बधिरता आणि कधी तल्लखपणा, हे कसे? मर्झेनिक यांच्याच प्रयोगशाळेत याचे एक उत्तर मिळाले. माकडाच्या बोटाला कंपनाचा स्पर्श करायचा आणि त्यातला सूक्ष्म फरक त्याने ओळखायचा, असे शिक्षण दिले. ते शिकले, आणि त्याचा मेंदूही बदलला. पण दुसऱ्या एका माकडाला तोच स्पर्श तेवढ्याच वेळा देऊन त्याचे लक्ष मात्र आवाज ओळखण्यात गुंतविले, तेव्हा तसा बदल झाला नाही. म्हणजे नुसत्या घासण्याने बोट शहाणे होत नाही. लक्ष लागते.

आपली मराठी भाषा हे केव्हापासून जाणते आहे. सवयीने बिघडलेल्याला आपण "निर्ढावला", "कोडगा झाला" म्हणतो. सवयीने घडलेल्याला "हात बसला" म्हणतो. अंगवळणी पडणे हा तर दोहोंच्या मधला शब्द. आणि विड्याही आपण "वळतोच"!

आता माझ्या आईकडे येते. विडी वळणे म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसेल. तेंदूची पाने आदल्या रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची. चिमटीने तंबाखू घ्यायची, पान वळायचे, दोऱ्याने बांधायचे, तोंड दुमडायचे. चिमूट जास्त झाली तर तंबाखू कमी पडते, कमी झाली तर विडी पोकळ. पान फार ओले असेल तर बुरशी धरते, कोरडे असेल तर वळतानाच फाटते. वाईट निघालेल्या विड्या मोजताना बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे हजार वेळा चिमूट, हजार वेळा वळण, हजार वेळा गाठ. आई हे सारे दाराबाहेर पाहत, माझ्याशी बोलत, चुलीवरच्या भाताकडे कान देत करते. ते पाहून कोणालाही वाटेल की तिचे लक्षच नाही. पण मध्येच एक पान ती न पाहता बाजूला टाकते. का, म्हणून उचलून पाहावे तर शिरेपाशी केसाएवढी चीर असते.

सुटीत मी त्या विद्यार्थ्याकडून ब्रेलचा एक जुना कागद मागून नेला होता. आई ओळी वाचू शकणार नाही हे माहीतच होते. ती छापील अक्षरेही वाचू शकत नाही. तिने त्यावरून हात फिरविला. टिंबे तिला नीट मोजता आली नाहीत. पण ती म्हणाली, "हा कागद या कोपऱ्यात ओला झाला होता का गं कधी?" कागद कोरडा होता, मला काही दिसत नव्हते. उजेडात धरला तेव्हा तेथे पुसटसा डाग निघाला. आपल्या त्वचेत ओलावा ओळखणारा स्वतंत्र ग्राहकच नाही, असे शास्त्र सांगते. थंडावा आणि स्पर्श या दोन बातम्या जुळवून मेंदू "ओले" असा निष्कर्ष काढतो. येथे तर थंडावाही उरला नव्हता. कधी काळी भिजून फुगलेल्या कागदाचा पोत तेवढा उरला होता, आणि तो तिने ओळखला. तीस वर्षे पानांचा ओलावा पारखणाऱ्या बोटांचे हे शिक्षण आहे. आणि मी भर वर्गात सांगितले होते, की तिच्या बोटांना काही जाणवत नाही.

यावर कोणी म्हणेल, "छान! म्हणजे श्रमाने माणूस घडतो. मग तक्रार कसली?" मला ही भीती आहेच. श्रमाचे पोवाडे गाऊन श्रमिकाला तेथेच बसवून ठेवण्याची रीत जुनी आहे. आईच्या बोटांचे कौतुक केल्याने हजारामागची मजुरी वाढत नाही. आणि ज्या विडीने माझे शुल्क भरले जाते तीच विडी कोणाची तरी छाती पोखरते, हेही मी विसरलेले नाही. तेव्हा या कौतुकाच्या बरोबरीने दुसरी गोष्टही सांगितलीच पाहिजे.

पुनरावृत्तीला मर्यादा असते. तीच ती जलद हालचाल तासन् तास करीत राहिले तर मेंदूतील बोटांच्या शेजारशेजारच्या जागा एकमेकींत मिसळू लागतात, असे आढळले आहे. काही वादकांची आणि लेखनिकांची बोटे त्यामुळे स्वतंत्रपणे हलेनाशी होतात. एक हलवायला जावे तर दुसरे वळते. वर्षानुवर्षांचा सरावच हाताचा वैरी होतो. ब्रेल तीन बोटांनी एकदम वाचणाऱ्यांपैकी काहींना, हलका स्पर्श नेमका कोणत्या बोटाला झाला हे सांगताना घोटाळा होतो, असेही १९९८ मध्ये दिसून आले.

आणि दुखण्याचे काय? मघाशी मी "निरुपद्रवी" हा शब्द ध्यानात ठेवायला सांगितले होते. मेंदू सरावतो तो मुख्यतः निरुपद्रवी स्पर्शाला. वेदनेची गोष्ट वेगळी. वेदना ही धोक्याची घंटा आहे. ती सवयीने बंद पडली तर शरीराचे संरक्षण कोण करणार? क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखविले, की इजेचे संदेश येत राहिले की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू अधिकच संवेदनशील होतो; मग एरवी न दुखणारा साधा स्पर्शही दुखू लागतो. म्हणजे कपड्यांचा स्पर्श दिवसागणिक विरतो, पण मान, खांदा, मनगट यांचा ठणका दिवसागणिक वाढू शकतो. मांडीवर सूप घेऊन आठ-दहा तास वाकून बसणाऱ्या बाईला "तिला सवय आहे" असे म्हणणे हे नुसते निष्ठुरपणाचे नाही, शास्त्रदृष्ट्याही चूक आहे.

मग आई बोलत का नाही? ही ती तिसरी सवय, जिभेची. तिचा मज्जातंतूंशी काही संबंध नाही. सांगून उपयोग होत नाही हे वर्षानुवर्षे कळत गेले, की माणूस सांगणे सोडतो. आणि ऐकणारे समजतात की दुखणेच थांबले. खरे तर सवय झालेली असते ती ऐकणाऱ्यांना! रोज दाराशी वाकून बसलेली बाई आपल्याला घड्याळाच्या पट्ट्यासारखी जाणवेनाशी होते. गटार उपसणारा, विटा वाहणारी, उन्हात अनवाणी ऊस तोडणारे, या सर्वांविषयी आपण एकच वाक्य बोलतो: "त्यांना सवय असते." त्यांच्या मेंदूत काय घडले हे आपण पाहिलेले नसते, आपल्या मेंदूत काय घडले ते आपण त्यांच्या नावावर खपवितो. मीसुद्धा, तिच्या पोटची मुलगी असून, हेच केले.

याच सुटीत आईबरोबर रेशनच्या दुकानात गेले होते. पूर्वी सही येत नाही म्हणून तिला "अंगठेबहाद्दर" म्हणत. आता तेथे यंत्र आहे. त्यावर अंगठा लावावा लागतो. आईने अंगठा लावला. यंत्राने ओळखला नाही. पुसून लावला, ओला करून लावला, दुसरे बोट लावले. कातडीवरच्या रेषाच कामाने झिजल्या होत्या. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. आई ओशाळून माझ्याकडे पाहत होती, जणू चूक तिची होती. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर धान्य मिळाले. ज्या अंगठ्याला एवढे कळते, त्या अंगठ्याला ओळखणारे तेथे कोणी नव्हते. आमच्या गावात असे अंगठे पुष्कळ आहेत. यंत्र बनविणाऱ्यांनी नियम करताना कोणाचे हात डोळ्यांपुढे ठेवले होते, एवढेच मला विचारावेसे वाटते.

मी आज आपल्या वाचकांना काही मोठा उपदेश करण्याच्या योग्यतेची नाही. एकच मागणे आहे. "त्यांना सवय असते" हे वाक्य जिभेवर आले की क्षणभर थांबावे आणि विचारावे. ज्याच्याविषयी बोलतो त्यालाच विचारावे. सरांनी "कपडे जाणवतात का?" असे विचारताच साऱ्या वर्गाला कपडे जाणवले होते. विचारल्याने हरवलेली जाणीव परत येते, हा त्या तासाचा खरा धडा होता. मीच तो उशिरा शिकले. सरांना मी हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी हे उदाहरण मी निराळ्या रीतीने सांगेन. तू हे लिहून काढ."

सुटीच्या शेवटच्या दिवशी आईला मदत म्हणून मी सूप पुढे ओढले. बारावीपर्यंत मी रोज दीडदोनशे विड्या वळत असे. आता बोटे अडखळू लागली. चिमूट चुकली, पान फाटले. दोन वर्षांत माझा हात मोडला होता. आईने सूप काढून घेतले. "राहू दे, माझा माल वाया घालवशील," असे म्हणत तिने माझा उजवा हात हातात घेतला. मधल्या बोटाच्या टोकाजवळ, लेखणी टेकते तेथे, तिचा अंगठा थबकला.

"तुलाही घट्टा पडला की गं," ती म्हणाली. आणि मग, मी तिला विचारले होते त्याच सुरात तिने विचारले, "दुखतं का?"